रिकाम्या पट्ट्यावरचं काम

...आता तुम्हीच सांगा, माणूस मोजत असताना त्याला 'किती झाले?' असं विचारायचं असतं का? अहो, पाणबुडी मोटारीची कॉइल गुंडाळत बसलेय मी, केसासारखी बारीक तार, एकशे शहाऐंशी, एकशे सत्याऐंशी, हात चालू, ओठ चालू, श्वाससुद्धा तालात, आणि दारात गिऱ्हाईक उभं राहून म्हणतं, "काकू, कितवा वेढा?" झालं! गेलं एकशे सत्याऐंशी उडत! आता याला सांगू का वेढा मोजू? सांगितलं तर मोजणं बुडतं, नाही सांगितलं तर हा बाहेर जाऊन म्हणतो, कलाबाईला लई गुर्मी. आहेच मला गुर्मी! चाळीस वर्षं मिरजगावात मोटारी भरतेय, कुणी शिकवलं नाही, जळक्या मोटारी उलट्या सोडवत सोडवत शिकले, कुठली तार कुठल्या खाचेतून निघते ते वहीत लिहीत लिहीत. गुर्मी मी ठेवू नको तर कुणी ठेवायची? माझं म्हणणं एवढंच आहे हो... मोजा ना, खुशाल मोजा, पण आड येऊ नका!

आणि तुम्हाला सांगते, हे जे मी बोंबलून बोंबलून मेले चाळीस वर्षं, ते कळलं कुणाला? तर माझ्या भाचीला. ज्योतीला. आमच्या गहिनीनाथची थोरली. आणि कळलं ते मोटारीत नाही, कॉम्प्युटरात!

आता ज्योती म्हणजे कशी, तर पुण्यात चांगली नोकरी, एसीत बसायचं, जेवण वेळेवर, आणि ही बाई एक दिवस बॅग घेऊन दारात. "आत्या, मी लिंबू निवडायचं मशीन करणार." मी म्हटलं, कर. गहिनीनाथ म्हणाला, "अक्का, तू हिला फूस देऊ नको. लिंबू निवडायला मशीन कशाला लागतंय? जयमाला हाय, तिच्या हाताखाली निवडायला बारा बाया हायेत, डोळे हायेत!" ज्योती म्हणाली, "पप्पा, डोळे आहेत म्हणूनच. त्या दुपारपर्यंत दमतात." मग भाऊ म्हणाला, घरात हे डबडं नको. मग ते डबडं आलं माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये, कारण माझ्याकडं थ्री फेज आहे आणि माझ्याकडं नाही म्हणायची सवय नाही... म्हणजे तिला नाही म्हणायची. बाकी सगळ्यांना मी रोज म्हणते.

मशीन काय, बघा. एक रबरी पट्टा. पट्ट्यावर लिंबं एकामागं एक, सेकंदाला आठ. वर पत्र्याचा डबा, डब्यात कॅमेरा आणि दिवा. कॅमेरा लिंबाचा फोटो काढतो, कॉम्प्युटर बघतो, हे पिवळं चोख, हे हिरवं, हे डागाळलेलं, आणि पुढं झडपा आहेत त्या फटकन लिंबाला आपापल्या कॅरेटात लोटतात. आता यात गोम अशी की कॉम्प्युटरनं ठरवायचं ते लिंबू झडपेपाशी पोचायच्या आत ठरवायचं. उशीर झाला तर झडप कुणाला लागते? मागच्याला! मागचं बिचारं देखणं, पिवळंधमक, त्याला जायचंय परदेशात, ते गेलं लोणच्यात. आणि ज्याच्या अंगावर खैऱ्या रोगाचे डाग, ते ऐटीत परदेशाच्या कॅरेटात. हसू नका! आमच्या पहिल्या शुक्रवारी हेच झालं.

पहिल्या शुक्रवारी आले होते श्रीमंतराव. बाहेरदेशी लिंबू पाठवणाऱ्या एका कंपनीचे खरेदीचे माणूस, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलणं एकदम हळू... हळू बोलणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. ते पट्ट्यापाशी उभे राहिले, मशीन चालू झालं, आणि काय सांगू! झडपा अशा फडफडायला लागल्या की जशी खुराड्यात मांजर शिरलीय. श्रीमंतरावांनी परदेशाच्या कॅरेटातलं एक डागाळलेलं लिंबू दोन बोटांत धरून उचललं, उजेडाकडं धरलं, आणि म्हणाले, "ज्योतीताई, हे दुबईला पाठवायचं का?" मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी येतो. तेव्हा जमलं, तर वर्षभराचं लिंबू इथंच निवडायचं, इथंच भरायचं. नाही जमलं, तर तिकडं खर्डा गावात एक जण तयार आहे."

ते गेले आणि गहिनीनाथ सुरू. "ऐकलंस ना? पुढच्या शुक्रवारी चाललं तर राहा. न्हाई चाललं तर सोमवारी पुण्याची गाडी. मी सोता बसवून देतो." जयमाला कोपऱ्यात उभी. तिच्या बाराजणींचं कामसुद्धा त्याच शुक्रवारवर, कारण मशीन निवडणार पण कॅरेट भरायचं, पुसायचं, मांडायचं या बायांनीच, आणि काम खर्ड्याला गेलं तर या काय खर्ड्याला जाणार? ज्योती नुसती पट्ट्याकडं बघत राहिली. मला म्हणाली, "आत्या, रविवारी हेच मशीन गुणी बाळासारखं चाललं होतं. तुम्ही बघितलं ना?"

बघितलं होतं! रविवारी एक लिंबू चुकलं नव्हतं! मग शुक्रवारपर्यंत याला झालं काय? मी म्हटलं, व्होल्टेज. माझ्या धंद्यात काहीही बिघडलं की पहिलं नाव व्होल्टेजचं. गहिनीनाथ म्हणाला, "कॉम्पूटरच जुना हाय, भंगार आनलंय." जयमाला म्हणाली, "ताई, मला तर वाटतं लिंबंच लबाड हायेत. सायब बघितला की आंग चोरतात." ज्योती म्हणाली, "अंदाज नको. मोजू."

आता बघा पोरीचं. मोजू म्हणाली! माझ्या काळजाला इतकं बरं वाटलं. तुम्हाला सांगते, जगात दोन जातीची माणसं, एक अंदाज करणारी आणि एक मोजणारी, आणि गावात पहिलीच जास्त.

पण मोजायचं कसं? तर कॉम्प्युटरच्या जिवात, म्हणे, आतच काउंटर असतात. माझ्या वायंडिंगच्या चाकाला नाही का बाजूला छोटा काउंटर, चाक फिरलं की आकडा आपोआप पुढं? अगदी तसेच. तिथं आत चिपमध्येच बसवलेले. एक मोजतो किती कामं झाली, एक मोजतो किती वेळा सामान जवळ नव्हतं म्हणून लांबून आणावं लागलं, एक मोजतो किती वेळा कॉम्प्युटरनं आधीच अंदाज बांधला आणि तोंडावर आपटला. मी म्हटलं, म्हणजे तोसुद्धा अंदाज करतो? म्हणाली, "हो आत्या, पण तो चुकला की मोजतो." बघा! माणसापेक्षा बरा.

काउंटर चालू आहेत, फुकट चालू आहेत, सगळं खरं. पण वाचायचे कसे? तर आत एक साहेब बसलेला असतो, त्याला ज्योती कर्नेल म्हणते. सगळं सामान त्याच्या ताब्यात. आपल्या प्रोग्रामला आकडा पाहिजे असला की त्याच्याकडं अर्ज. म्हणजे कसं, आपण हातातलं काम खाली ठेवायचं, उंबरा ओलांडून कचेरीत जायचं, साहेब म्हणणार कोण तू, कशाला आलास, कागद दाखव, मग तो चष्मा लावणार, काउंटर बघणार, आकडा सांगणार, आपण परत यायचं, हातातलं काम कुठं ठेवलं होतं ते शोधायचं. एका आकड्यासाठी! आणि ज्योतीनं काय केलं असेल? अहो, ती उत्साहाच्या भरात... डाग तपासायचं जे काम आहे ना, एकेका लिंबावर हजारो बारीक बारीक ठिकाणं बघायची, तर त्या प्रत्येक ठिकाणाच्या आधी एक अर्ज आणि नंतर एक अर्ज! काम एवढंसं, चिमटीभर, आणि कचेरीची वारी एवढी!

मशीन चालू केलं. जे थोडं बरं चाललं होतं तेही बसलं. झडपा तर चक्क पुढच्या लिंबाला सोडून, मागच्याला सोडून, तिसऱ्यालाच मारायला लागल्या. मी चाक थांबवलं, उठले, शेडच्या दारात उभी राहिले, आणि ओरडले, "अगं, हेच तर मी त्या गिऱ्हाइकांना सांगते! कितवा वेढा, कितवा वेढा विचारून विचारून वेढाच पडू देत नाहीत! मोजा ना, पण आड येऊ नका!"

ज्योतीनं वळून माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मला वाटलं आता ही मला पण अर्जावर सही मागते. म्हणाली, "आत्या, तुम्ही स्वतः वेढे कसे बघता?" मी म्हटलं, "स्वतः? मी कशाला कुणाला विचारू? काउंटर माझ्या डोळ्यासमोर लावलाय, हात चालू असताना नुसती नजर टाकते, हात थांबतच नाही." म्हणाली, "हां. तेच करायला पाहिजे." आणि बसली.

तुम्हाला सांगते, शनिवार सकाळपासून दुपारपर्यंत उठली नाही. मी भाकरी नेऊन ठेवली तर भाकरीवर कागद ठेवून लिहायला लागली. आणि जमवलं! कसं, तर साहेबाकडं एकदाच जायचं, पहिल्यांदा. एकदाच परवानगी काढायची, की बाबा, हा अमुक काउंटर माझ्या नावानं लाव आणि माझा मला बघू दे. साहेब एक पान काढून देतो. त्या पानावर लिहिलेलं असतं, तुझा काउंटर इतक्या नंबरच्या खणात आहे, आणि आधीची बाकी इतकी, ती मिळवून घे. त्यानंतर कचेरी बंद! प्रोग्राम आपल्या जागेवरून, आपल्या अंगणातून, एका हुकमानं थेट काउंटर वाचतो. उंबरा नाही, चष्मा नाही, कोण तू कशाला आलास नाही. नुसती नजर. म्हणाली, "आत्या, आधी एकदा विचारायला जेवढा वेळ जायचा, तेवढ्यात आता पंचवीस-तीसदा वाचून होतं." मी म्हटलं, हे बरं झालं, एवढं सरकारी ऑफिसात पण आलं तर आपण सगळे तरुण होऊ.

आणि मग पहिला आकडा आला. एका लिंबाला किती काम लागलं? अठरा लाख कोटी! गहिनीनाथ मागं उभा होता, म्हणाला, "एवढ्या कामात तर सूर्य उगवायचा बंद होईल!" मला हसू यायला लागलं, पण पोरीचं तोंड बघून दाबलं. ती मात्र हसली नाही, रडली नाही. तिनं डोकं खाजवलं आणि म्हणाली, "मी पान दोनदा बघायला विसरले." आता हे काय? तर ऐका, ही मला लई आवडलेली गोष्ट. त्या पानाच्या डोक्यावर एक नंबर असतो. साहेब मधेच काही हलवाहलव करतो, काम या खणातून त्या खणात टाकतो, तेव्हा तो नंबर बदलतो. मग शहाण्यानं काय करायचं? आधी डोक्यावरचा नंबर वाचायचा, मग काउंटर वाचायचा, मग परत नंबर वाचायचा. दोन्ही वेळा तोच असला तर आकडा खरा. बदललेला असला तर अर्धा आकडा आधीचा, अर्धा नंतरचा, तो टाकून द्यायचा आणि गुमान परत वाचायचं. भांडायचं नाही, साहेबाला थांब म्हणायचं नाही, आपणच परत वाचायचं. अहो, केवढा समजूतदारपणा! मी हे माझ्या मोटारीत केलं असतं तर माझी निम्मी भांडणं झाली नसती.

आणि त्याच्याही पुढं गेली. म्हणाली, "आत्या, वाचायलासुद्धा जरासं काम लागतंच. ते वजा करायला पाहिजे." मी म्हटलं, म्हणजे रिकाम्या कॅरेटचा धडा, नुसत्या कॅरेटचं वजन आधीच काढून टाकायचं! "बरोब्बर, धडा!" मग काय केलं, मधे काहीच न करता लागोपाठ दोनदा वाचलं, मधला फरक म्हणजे निव्वळ वाचण्याचं वजन. ते लिहून ठेवलं, सगळ्यातून वजा. तराजूला पासंग नको म्हणून आमचे वडील धडा करायचे ते धान्याला, ही पोरगी धडा करते विचाराला! मी तर म्हणते... जाऊ द्या, डोळे भरतात माझे. म्हणजे भरत नाहीत, पण भरले असते.

तर आता आकडे खरे यायला लागले. आणि मशीन? मशीनला पत्तासुद्धा नाही की आपल्याला कुणी मोजतंय! आपलं चाललंय. मोजलंही आणि आड आलीही नाही! शनिवारचा दिवस, झडपा अगदी शहाण्यासारख्या. जयमालेनं टाळ्या वाजवल्या. गहिनीनाथनं सुद्धा घसा खाकरला, आमच्याकडं बापांची टाळी म्हणजे तीच.

पण ज्योतीचं समाधान नाही. तिनं पट्टा रिकामा केला. एक लिंबू नाही. आणि म्हणाली, आता डाग तपासायच्या भागात किती काम होतं ते बघू, शून्य यायला पाहिजे. आलं एक कोटी.

रिकाम्या पट्ट्यावर एक कोटी काम! कशाचं? कुणाच्या बापाचं? म्हणाली, "हे आधीपण दिसत होतं. पण मला वाटायचं, हे माझ्या मोजण्याचंच वजन. आता ती सबब सांगता येत नाही, मोजण्याचं वजन तर मी काढून टाकलंय." म्हणजे बघा, मोजणारा जड असला की खरा चोर त्याच्या सावलीत बसून खातो! रविवारी परत रिकाम्या पट्ट्यावर मोजलं. दोन कोटी. सोमवारी चार. मंगळवारी सात. बुधवारी अकरा. गुरुवारी पंधरा. आणि तसतसं मशीन परत बिघडत चाललेलं. प्रोग्राम तोच, लिंबं नाहीत, लाइट तीच, आणि आकडा रोज वर. गहिनीनाथ म्हणाला, "बाई, हे वाढतंय. हे आजारपनच हाय." आणि त्यानं, माझ्यासमोर, मोबाईलवर सोमवारच्या गाडीच्या वेळा बघितल्या.

शुक्रवार उजाडला. सकाळी दहाला रिकाम्या पट्ट्यावर वीस कोटी! आणि अकराला श्रीमंतराव येणार! झडपा वेड्यासारख्या. ज्योतीनं आम्हाला सगळ्यांना उभं केलं, वही उघडली, मागच्या दोन आठवड्यांच्या टिपणांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दोन्ही वेळा तेच. शनिवारी बरं, मग रोज वाईट, शुक्रवारी सगळ्यात वाईट, शनिवारी परत बरं. मला फक्त एवढं सांगा, शनिवारी आपल्याकडं काय बदलतं?"

गहिनीनाथ म्हणाला, "शनवारी शाळा सकाळची असती." जयमाला म्हणाली, "शनवारी मी उपास धरते. कॉम्पूटरबी धरत आसंल." ज्योती म्हणाली, "आत्या, तुम्ही?" आणि मी...

तुम्हाला सांगते, माझी नजर गेली त्या कॅमेऱ्याच्या पत्र्याच्या डब्याकडं. डब्याच्या तोंडाशी, दोऱ्याला, लटकत होतं... लिंबू. एक लिंबू, सात मिरच्या आणि खाली कोळशाचा तुकडा! आता तुम्ही म्हणाल, कलाबाई, तुम्ही शिकल्यासवरल्या, स्वतः मोटारी भरता, तुम्ही असलं मानता? मी मानत नाही! पण दर शनिवारी आमचा वाल्मिक दुकानोदुकान लिंबू-मिरची बांधत येतो, माझ्या दाराला बांधतो, आणि त्या महिन्यात मी त्याला म्हटलं, एक मागं मशीनलाही बांध. मानत नाही म्हणून काय झालं, पोरीचं नवं मशीन, चार बायांच्या नजरा, बांधायला काय जातं? अहो, सगळं गेलं असतं!

कारण कॅमेऱ्याला काय कळतंय नजर लागणं आणि बिगर लागणं? त्याला दिसतंय लिंबू! पट्टा थरथरतो तसं ते हलतंय, म्हणून प्रत्येक फोटोत नवं लिंबू! आणि हा इमानी कॉम्प्युटर प्रत्येक फोटोत त्याचे डाग तपासतोय! शनिवारी ताजं, डाग कमी, काम कमी. रविवारी जरा सुकलं. बुधवारी तांबूस. शुक्रवारी तर नुसता सुरकुतलेला डागच डाग, आणि हा बिचारा एकेका डागाभोवती फिरतोय, फिरतोय, तोवर पट्ट्यावरचं खरं लिंबू झडप ओलांडून पसार!

आणि गंमत ऐका. ते काही लपलेलं नव्हतं! कॉम्प्युटरच्या पडद्यावर, फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, रोज दिसत होतं. ज्योतीनं हजारदा बघितलं. गहिनीनाथनं बघितलं, जयमालेनं बघितलं, बारा बायांनी बघितलं. पण लिंबू-मिरची हो! टेम्पोला असते, दाराला असते, बोअरच्या पेटीला असते. आपल्या डोळ्याला ती दिसतच नाही! दिसली असती ती फक्त परक्या माणसाला... आणि त्या काउंटरला.

आता मी बोलायला पाहिजे होतं. पण कसं बोलू? आठवडाभर व्होल्टेज व्होल्टेज करून वायरमनला शिव्या दिलेली मी! तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. श्रीमंतराव. सगळे पुढं धावले, या बसा, चहा घ्या. मी मागं राहिले. रिकामा पट्टा चालूच होता, हळूच मशीनजवळ गेले, हात वर केला, दोरा तोडला आणि लिंबू, मिरच्या, कोळसा सगळं मुठीत घट्ट! आणि सगळ्यांच्या मागं जाऊन, पदराखाली मूठ घेऊन, अशी उभी राहिले की जशी देवळातली समईच.

पट्ट्यावर लिंबं सुटली. अहो, काय सांगू! सेकंदाला आठ, सेकंदाला आठ, टप टप टप, झडपा जणू पावली खेळत होत्या! श्रीमंतरावांनी आपल्या खिशातून तीन डागाळलेली लिंबं काढली, घरून आणली होती त्या हळू बोलणाऱ्या माणसानं, चांगल्यांच्यात मिसळून पट्ट्यावर सोडली. पहिलं, बाहेर. दुसरं, बाहेर. तिसऱ्याला डाग अगदी खाली, देठाजवळ, टाचणीएवढा... माझी मूठ अशी आवळली, अशी आवळली... बाहेर! आणि मला राहवेना, मी मुठीसकट दोन्ही हातांनी डोळे पुसले.

आईगं!

मिरची हो! मुठीत मिरच्या चुरडलेल्या, आणि मी त्याच हातानं डोळे पुसले! आग आग आग! पाण्याच्या धारा! नाक गळायला लागलं! श्रीमंतराव हळू आवाजात म्हणाले, "मावशींना भरून आलं." गहिनीनाथ म्हणाला, "अक्का, तू आन् रडतेस?" जयमाला माझ्याकडं बघून खरोखरची रडायला लागली, तिच्या मागं तिच्या बाया. सगळं शेड रडतंय, मशीन तेवढं हसतंय! श्रीमंतरावांनी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, वर्षभराचं लिंबू इथं. आणि स्वतःचा रुमाल मला दिला. दोन पेनांच्या माणसाचा रुमाल!

ते गेले. मी तोंड धुवायला नळावर. मागून ज्योती. हातात वही. इतक्या गोड आवाजात म्हणाली, की मला कळलं आता संपलं. "आत्या, अकरा वाजून चार मिनिटांपर्यंत वीस कोटी. अकरा पाचला एकदम शून्याजवळ. अकरा चारला आम्ही सगळे चहाला होतो." मी म्हटलं, "व्होल्टेज..." "आत्या, मूठ उघडा."

उघडली. काय करणार? तिथं आता खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. मिनिटासकट पकडलं मला! साहेबाला न विचारता, पट्ट्याला न थांबवता, मला न कळता! मला वाटलं आता ही ओरडणार. आणि ती पोरगी काय म्हणाली ऐका. म्हणाली, "आत्या, चूक माझी पण आहे. जे लिंबू पट्ट्याबरोबर पुढं सरकतच नाही, त्याच्याकडं माझ्या प्रोग्रामनं बघायलाच नको होतं. आज दुपारीच दुरुस्त करते." आणि माझ्या डोळ्यांवर ओला टॉवेल ठेवला. आणि बापाला सांगितलं नाही! अजून सांगितलं नाही. आता तुम्हाला मी सांगितलं, ते तुमच्याजवळ ठेवा... नाही ठेवलं तरी चालेल, माझी गुर्मी एवढ्यानं उतरत नाही.

सोमवारची गाडी गेली. रिकामी गेली म्हणा. गहिनीनाथनं त्याच सोमवारी शेडला खिडकी पाडून दिली, पोरीला उजेड पाहिजे म्हणून, आणि गावात सांगत सुटला, "आमच्या ज्योतीनं कॉम्पूटरचं आजारपन मोजून काढलं!" मोजून काढलं, खरंच आहे. मी तर म्हणते तालुक्यात अशी दुसरी नाही. आणि राहिली, कायमची राहिली, याचा आनंद माझ्याइतका कुणाला नसेल.

पण झालंय काय... राहिली म्हणजे रोज इथंच की हो! आणि मोजायची सवय ती मोजायचीच. परवा चहा पिता पिता म्हणते, "आत्या, तुमचं चाक दिवसातून दोन तास बारा मिनिटं फिरतं. बाकी पाच तास तोंड फिरतं." मी म्हटलं, "तू कधी मोजलंस? मला तर काही दिसलं नाही!" म्हणाली, "दिसलं असतं तर तुम्ही तेवढा वेळ गप्प बसला असता, मग आकडा खोटा आला असता." म्हणजे चाकाला कधीतरी काहीतरी लावलंय तिनं, कुठं लावलंय ते मी तीन दिवस शोधतेय, अजून सापडलं नाही. आता यावर बोलायचं तरी काय आणि कुठल्या तोंडानं? तुम्ही आलात, मी बोलायला लागले, चाक केव्हाचं थांबलंय... किती वेळ झाला, ते मला विचारू नका. आत जाऊन तिला विचारा. तिच्याकडं आकडा आहे.